ठिपकीचा तीळ आणि खडबड्या कोबा

ठिपकी नावाची एक मुंगी होती. एवढीशी! तुमच्या करंगळीच्या नखावर चार ठिपक्या मावतील.

ठिपकीला एक तीळ सापडला. पांढराशुभ्र. घरी होती धाकटी बहीण, बुंदी. बुंदीला लागली होती भूक.

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

वाटेत लागलं गोदाक्काचं नवं घर. घरात नवा कोबा. कोबा म्हणजे काँक्रीटची जमीन, बरं का. अजून होता खडबडीत. इथे उंच, तिथे खोल. मधे बारीक बारीक भोकं.

ठिपकी अडखळली. तीळ सुटला. टुप्प! गेला भोकात.

"कोबादादा, कोबादादा, माझा तीळ दे."

कोबा म्हणाला, "मी हा असा खडबड्या! कुठल्या भोकात शोधू? मशीनला मला घासू दे. मग देतो."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

कोपऱ्यात होतं मशीन. गोल पोटाचं, लांब दांड्याचं.

"मशीनदादा, मशीनदादा, कोबा घास.
कोबा तीळ देईना,
बुंदीची भूक जाईना!"

मशीन म्हणालं, "कोरडं घासू? धूळ उडते. नाकात जाते. आँ... आक्छी! पाण्याला येऊ दे. मग घासतो."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

पाणी होतं टाकीत.

"पाणीताई, पाणीताई, मशीनकडे ये.
मशीन कोबा घासेना,
कोबा तीळ देईना,
बुंदीची भूक जाईना!"

पाणी म्हणालं, "डुबुक! येईन की गं. पण नळ आहे बंद. मिस्त्रीला नळ सोडू दे. मग येते."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

यल्लप्पा मिस्त्री बसले होते पालथ्या घमेल्यावर. चपला दाराबाहेर. कोब्यावर ते नेहमी अनवाणी. म्हणायचे, "डोळा फसतो. पाऊल फसत नाही."

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, नळ सोडा.
पाणी मशीनकडे येईना,
मशीन कोबा घासेना,
कोबा तीळ देईना,
बुंदीची भूक जाईना!"

मिस्त्री म्हणाले, "अगं माझे बाई! चहाशिवाय हात चालतोय व्हय? आक्काला चहा ठेवू दे. मग सोडतो."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

गोदाक्का होती शेगडीपाशी. भांडं तयार. साखर तयार. पण आक्का गाल फुगवून उभी.

"आक्का, आक्का, चहा ठेव.
मिस्त्री नळ सोडेना,
पाणी मशीनकडे येईना,
मशीन कोबा घासेना,
कोबा तीळ देईना,
बुंदीची भूक जाईना!"

आक्का म्हणाली, "गवती चहा नाही, तर तो चहा कसला? गरम पाणीच ते! मिस्त्री वर मलाच हसणार. गवती चहाला पात देऊ दे. मग ठेवते."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

खिडकीखाली होता गवती चहा. हिरवागार. उंचच उंच.

"गवतीबाई, गवतीबाई, पात दे.
आक्का चहा ठेवेना,
मिस्त्री नळ सोडेना,
पाणी मशीनकडे येईना,
मशीन कोबा घासेना,
कोबा तीळ देईना,
बुंदीची भूक जाईना!"

गवती चहा म्हणाला, "सगळे येतात. कच्चकन कापून नेतात. माझे लाड कुणीच करत नाही. आधी मला गुदगुल्या करा!"

आता ठिपकी कुणाकडे जाणार? कुणाकडेच नाही!

गुदगुल्यांना काय लागतं? पाय. पाय किती? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

ठिपकी चढली पातीवर. गुदू गुदू गुदू!

"ही ही ही!" गवती चहा हसला. हसता हसता वाकला. पात गेली खिडकीत.

गवती चहाने पात दिली.
आक्काने चहा ठेवला. खळ खळ खळ!
मिस्त्री चहा प्याले. फुर्रर्र! "वा, आक्का! आता कसं!"
मिस्त्रींनी नळ सोडला.
पाणी मशीनकडे आलं. सळ सळ सळ!
मशीनने कोबा घासला.

ठिपकी बसली उंबऱ्यावर. बघत राहिली.

आधी जाड चकती. घर्र घर्र घर्र!
मग बारीक चकती. सर्र सर्र सर्र!
मग आणखी बारीक. हुंऽऽऽ!

चांगल्या कामाला घाई चालत नाही, बरं का. उंच होतं ते खाली आलं. भोकं होती ती उथळ झाली. आतले खडे वर दिसू लागले. एक काळा. एक करडा. एक चक्क गुलाबी! कोबा चमकला तळ्यासारखा. आक्का दारातून बघतच राहिली.

"झालं का, मिस्त्री?"

"थांब, आक्का. पावलाला विचारतो."

मिस्त्री चालले. अनवाणी. हळूहळू. गुळगुळीत... गुळगुळीत... गुळगुळीत... अरे!

"काहीतरी टोचतंय!"

मिस्त्री वाकले. बोटाला काय चिकटलं? तीळ!

"एवढासा तीळ! पण पावलाला कळला." मिस्त्रींनी तीळ पुसला. उंबऱ्यावर ठेवला. ठिपकीच्या अगदी पुढे.

कोबा म्हणाला, "घे गं तुझा तीळ. आता मी खडबड्या नाही. पडला तरी हरवणार नाही."

ठिपकी निघाली. या वेळी तुरु तुरु नाही. सुर्रर्रर्र! घसरत घसरत!

मधेच थांबली. खाली वाकून बघितलं. चकचकीत कोब्यात आणखी एक मुंगी! तिच्याही तोंडात तीळ!

ठिपकी घरी आली. बुंदीने तीळ खाल्ला. कुर्रुम कुर्रुम. पोट भरलं. ठिपकीने तिला कोब्यातल्या मुंगीचं सांगितलं.

बुंदी म्हणाली, "ताई, त्या कोब्यातल्या मुंगीलाही बहीण असेल का गं?"

"चल, बघू."

दोघी गेल्या. दोघींनी वाकून बघितलं.

होती की!

तीळ गेला पोटात,
गोष्ट उरली ओठात.