पंतांच्या मळ्यातला पुदिना

हे कुणाला पटायचं नाही, आणि तुम्हाला पटलं नाही म्हणून पुदिन्याचं काही अडत नाही. तर ऐका.

आसरडोह गावी भानपुरी महाराज नदीकाठच्या मठात राहत असत. वैशाखातल्या भंडाऱ्याला तिथे एक रीत होती. प्रत्येक घराने आपल्या अंगणात वाढलेला हिरवा पाला मूठभर आणायचा. सगळ्यांची मिळून एकच चटणी वाटायची. ज्या घरची मूठ पाट्यावर पडली नाही, त्या घराला पंगतीत पान नाही.

गोमा परटिणीचं अंगण म्हणजे नुसता खडक. दरसाल ती बाहेरूनच आरती ऐकून परत जायची. त्या साली मात्र तिने न्हाणीच्या सांडपाण्यावर, भिंतीच्या सावलीत पुदिना लावला, आणि यंदा पंगतीत बसणार म्हणजे बसणार, असं ठरवून टाकलं.

हे विसाजीपंतांच्या कानी गेलं. पंतांचा मळा मोठा, ताठा त्याहून मोठा. सांडपाण्यावरचा पाला देवाला चालायचा नाही म्हणत ते चैत्रातच कुदळ घेऊन आले. पुदिना मुळासकट खणला, त्याचे तुकडे तुकडे केले आणि कुजू दे म्हणून आपल्या केळीच्या पाटात फेकले.

गोमा महाराजांकडे गेली. रडली नाही. मुठीत उरलेली एक कांडी तेवढी पुढे केली.

महाराज म्हणाले, "बुडाशी ओल ठेव, डोक्यावर सावली ठेव. बाकीचं तो बघतो."

पुदिन्याच्या पेरापेराला मूळ फुटतं, हे पंतांना कुठलं ठाऊक! उन्हाने त्यांची कोथिंबीर वाफ्यात करपली, पण केळीखालच्या गारव्यात एकेका तुकड्याचा वेल झाला. भंडाऱ्याच्या आदल्या रात्री तर तो पाटापाटाने धावत निघाला, उंबऱ्याखालून घरात शिरला आणि पहाटे पंतांच्या उशाशी घमघमू लागला.

चटणीला दुसरं हिरवं पानच नव्हतं. पंत त्याचीच मूठ घेऊन मठात आले. दारात गोमा उभी होती, हातात एका कांडीची चार पानं.

महाराजांनी पंतांची मूठ हुंगली. "पंत, हा कुणाच्या अंगणातला?"

पंत हळूच म्हणाले, "गोमाच्या."

"म्हणजे गोमाची मूठ पडली. तुमची कुठे आहे?"

पंत पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गोमाकडे बोट केलं. पंत तिच्यापुढे वाकले. "गोमाबाई, माझ्या घरचं पान राहतंय."

गोमाने आपली चार पानं त्यांच्या ओंजळीत ठेवली. "घ्या. पण सांभाळून धरा, पंत. सांडली तर इथेही उगवतील."

धन्य ते महाराज! ती चार पानं त्यांनी पंतांच्या नावाने पाट्यावर टाकली. पंत उठू लागले तर उठवेना. वाकल्या जागी धोतराच्या सोग्याला पुदिन्याने मूळ धरलं होतं. आणि ती चटणी! मी गोमाच्या शेजारीच बसलो होतो, अजून जिभेवर चव आहे.

"तात्या," वाती वळता वळता अंबूकाकू म्हणाल्या, "महाराजांनी समाधी घेतली तेव्हा तुमचे आजोबा पाळण्यात होते. काल तुम्हीच सांगितलंत."