सात पाचची गाडी

चिंचटेकडी नावाच्या गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. 'भोळा' हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता. लहान मुलं ऐकत असतील, म्हणून तो इथे नको.

त्याच गावात टिपणीस मास्तर राहायचे. शाळेचे नव्हे, स्टेशनचे. गावाला पूर्वी एक छोटी रेल्वे होती. संध्याकाळी सात पाचला गाडी सुटायची. म्हणजे वेळापत्रकात सुटायची. प्रत्यक्षात गावचे पुढारी आबासाहेब ढमढेरे यांच्याकडून निरोप यायचा, "गाडी थांबवा, साहेब पान खातायत." मास्तर मुकाट्याने थांबवायचे. मग एक दिवस आबासाहेबांनीच सभेत भाषण ठोकलं, "जी गाडी कधीच वेळेवर सुटत नाही, ती हवी कशाला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी बंद झाली. टाळ्या वाजवणारे आता एसटीची वाट बघत उभे असतात.

मास्तरांच्या मनाला ते फार लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आख्खी लाइन छोटी करून फळ्यांवर मांडली. बोटभर रुंदीचे रूळ, काडेपेटीएवढं स्टेशन, पूल, बोगदा, सगळं. त्या वर्षी गणेश मंडळाला हलता देखावा हवा होता. मास्तर म्हणाले, माझी रेल्वे मांडा. आणि ती चालवायला त्यांनी संगणक आणला. रुळांचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याखाली गाडी ओळखणारा सेन्सर, सिग्नल आपोआप पडणार, गाडीला या रुळावरून त्या रुळावर नेणारे सांधे आपोआप बदलणार, आणि ठीक सात पाचला गाडी आपोआप सुटणार. दिवसातून एकदाच, खरी सुटायची तशी.

"संगणक कोणाच्या पानासाठी थांबत नाही," मास्तर म्हणायचे.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आबासाहेबच होते. गावात दुसरं कोणी त्या लायकीचं नाही, असं खुद्द आबासाहेबांचंच मत होतं. मास्तरांना बक्षीस नको होतं. या माणसाने एकदा, फक्त एकदा, सात पाचची गाडी सात पाचला सुटताना डोळ्यांनी बघावी, एवढंच त्यांना हवं होतं.

सगळं आपोआप होणार होतं, म्हणून मास्तरांना हाताखाली एक माणूस लागला. मंडळाने तत्परतेने गेनू दिला. त्यांना तो कोणाला तरी द्यायचाच होता.

"गेनू," मास्तरांनी समजावलं, "संगणक सांगितलं तेवढंच करतो. स्वतःचं डोकं चालवत नाही."

"माझ्यावानी," गेनू खुशीत म्हणाला.

मास्तर हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना लवकरच कळलं.

सेन्सर अजून जोडायचे होते, म्हणून गाड्या हातानेच सोडून बघायच्या होत्या. मास्तर म्हणाले, "मालगाडी सोड." गेनूने सोडली. मास्तर म्हणाले, "आता पलीकडून पॅसेंजर सोड." गेनूने सोडली. दोघींची पुलावर गाठ पडली. मालगाडी खाली पडली आणि पॅसेंजरही तिच्यावर पडली.

"अरे, समोरचा तुकडा रिकामा आहे का ते बघायचं नाही? एका तुकड्यात एकच गाडी! पहिली बाहेर पडली की मगच दुसरी आत!"

"तुमी सोड म्हनला. आता ध्येनात ठिवतो."

आणि गेनूने ध्यानात ठेवलं. त्याची स्मरणशक्ती चांगली होती, हेच तर दुर्दैव.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब मांडवाचं उद्घाटन करायला आले. उशिराच आले, पण आले. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, गेनूच्या हाती चहाचा ट्रे दिला. गेनू मांडवाच्या दारात आला आणि थांबला. आत आबासाहेब होते. गेनू उभाच राहिला. चहावर साय धरली. आबासाहेबांनी भाषण केलं, घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि चहाविना निघून गेले. ते बाहेर पडताच गेनू आत शिरला.

"आता आणतोस होय चहा?" मास्तर ओरडले.

"तुकड्यात सायेब हुते न्हवं."

"अरे, तो नियम गाड्यांचा! दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवतात का? इथे जो येईल त्याचं हसून स्वागत करायचं. हातावर काहीतरी गोड ठेवायचं."

"आसं व्हय. आता ध्येनात ठिवतो."

त्याच संध्याकाळी सेन्सर जोडून झाले आणि फळ्यांखालून एक उंदीर आला. गेनूने हसून स्वागत केलं. प्रसादाचा एक मोदक पुढे केला. उंदीर सभ्य होता, त्याने एकट्याने खाल्ला नाही. घरी जाऊन बायकामुलं घेऊन आला. गेनूने सगळ्यांना मोदक दिले. मोदक संपल्यावर पाहुण्यांनी वायरी खाल्ल्या.

सकाळी संगणकाला स्टेशन दिसेना, बोगदा दिसेना, काहीच दिसेना. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"मी म्हनलं, गनपतीच्या घरचं हायेत," गेनू म्हणाला.

"तुझं डोकं! वायरीला जो तोंड लावेल ना, त्याच्या पाठीत काठी घालायची! विचारत बसायचं नाही!"

"तुमी आदी सांगत न्हाई. आता ध्येनात ठिवतो."

वायरी पुन्हा ओढायला मास्तरांनी सुभान वायरमनला बोलावलं. सुभानभाई मोठा कसबी माणूस. तो पक्कड खिशात ठेवतो आणि वायर दातांनी सोलतो. सगळे वायरमन तसंच करतात. त्याने खाली बसून लाल वायर तोंडात धरली मात्र, पाठीत काठी बसली.

"या अल्ला!" सुभानभाई उडाला तो थेट बोगद्यावर.

"वायरीला तोंड लावतो व्हय!" गेनूने दुसरी हाणायला काठी उगारली.

मास्तर मध्ये पडले, म्हणून ती मास्तरांना लागली. सुभानभाईची समजूत घालायला माईंना शिरा करावा लागला. काम संध्याकाळपर्यंत झालं. सेन्सर पुन्हा जोडले, सिग्नल लागले, संगणकाला सगळं दिसू लागलं. मास्तरांनी गेनूला खुर्चीत बसवलं आणि समोर हात जोडले.

"बाबा रे, यापुढे तू कोणाकडे बघूच नकोस. कोण आलं, कोण गेलं, लहान की मोठा, तुला काही देणंघेणं नाही. संगणकाला हात लावू नकोस, कोणाला लावू देऊ नकोस. फक्त घड्याळाकडे बघ. सात पाचला गाडी सुटेल. बोगद्यात शिरली की पडदा ओढ. संपलं."

"ह्ये सोपं हाय," गेनू म्हणाला. "आता ध्येनात ठिवतो."

परीक्षणाचा दिवस उजाडला. मांडव गच्च भरला. पुढची खुर्ची आबासाहेबांसाठी रिकामी होती. सात वाजले. खुर्ची रिकामीच. मास्तर दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होते. सात पाच झाले. सिग्नल पडला, शिट्टी वाजली, सांधा बदलला, आणि इवलीशी गाडी डौलात निघाली, पुलावरून वळली आणि बोगद्यात शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेनूने पडदा ओढला.

तेवढ्यात आबासाहेब पान चघळत आले. ऐसपैस बसले.

"हं, सोडा गाडी."

गेनूने घड्याळाकडे बघितलं.

"गाडी गेली सायेब. उद्या या."

कुठून तरी हसू फुटलं, मग सगळा मांडव हसला. आबासाहेबांचं पान तोंडातच राहिलं.

"मास्तर, जरा थांबवता आली नाही?"

जुन्या सवयीने मास्तर पुढे झाले. संगणकाकडे त्यांचा हात गेलासुद्धा. बटण दाबलं असतं तर साहेबांसाठी गाडी पुन्हा सुटली असती. मग त्यांनी हात मागे घेतला.

"नाही साहेब," ते म्हणाले. "सात पाचची गाडी सात पाचला सुटते."

"असं? मग उद्या मी वेळेच्या आधी येऊन बसतो," आबासाहेब तावातावाने उठले. "बघतोच कशी सुटते वेळेवर ते. निकाल उद्या!"

ते गेल्यावर गेनू मान खाली घालून मास्तरांपुढे उभा राहिला. "काय चुकलं त्ये सांगा. ध्येनात ठिवतो."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गेनूच्या पाठीवर हात ठेवला.

"काही चुकलं नाही रे. जन्मभरात मला जे एकदाही बोलता आलं नाही, ते तू बोललास. आज केलंस ना, उद्या अगदी तसंच कर."

गेनूला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शाबासकी दिली होती. ते शब्द त्याने दोनदा घोकले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ट्रंकेतून जुना काळा कोट काढला. एक बटण तुटलेलं निघालं. माईंनी ते लावून दिलं, टोपी झटकली, हिरवा झेंडा शोधून दिला. या सगळ्यात अंमळ वेळ गेला, पण मास्तर धावतपळत पोचले तेव्हा सात पाचला अजून अवकाश होता. ते सरळ रुळांपाशी जाऊन ताठ उभे राहिले. गेनूने पडदा उघडला. सिग्नल पडला. मास्तरांनी झेंडा उंचावला. शिट्टी झाली आणि सात पाचची गाडी सात पाचला, एका सेकंदाचाही उशीर न करता सुटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर अभिमानाने पुढच्या खुर्चीकडे वळले.

खुर्ची रिकामी होती.

"गेनू! आबासाहेब आले नाहीत?"

"आलते की," गेनू म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "लई आदी आलते, मांडवात कोनीबी न्हवतं तवा. नातवाला घिऊन, पानबिन न खाता. म्या आगदी कालच्यावानी पडदा ओढला आन् म्हनलं, गाडी गेली सायेब. उद्या या."