डराव फौजदारांचा ओला शिक्का

बेडकांना फौजदारी मिळायची, त्या काळची ही गोष्ट. कुरतड्या उंदराच्या थोरल्या भावाला घुबडाने उचलून नेलं. मागे राहिला बिळाच्या तोंडाशी शेंगदाण्यांचा ढीग आणि त्यावर थोरल्याने जरासा कुरतडून ठेवलेला एक दाणा. कुरतड्या ढिगातलं खाई, पण त्या दाण्याला शिवत नसे.

एके दिवशी खेकड्याने तक्रार केली, "तो माल चोरीचा आहे!"

डराव फौजदार टुणटुण उड्या मारत आले. "संशय आहे ना? मग चौकशी संपेपर्यंत माल खायचा नाही, हलवायचा नाही." त्यांनी ढिगावर चिखल थापला आणि त्यावर पोट टेकवून शिक्का उमटवला.

"अहो फौजदार, तो उष्टा दाणा तरी द्या. दादाचा आहे."

"उष्टा? तो तर पुरावाच!"

कुरतड्या त्यांच्या मांडीला कडकडून चावला. शिक्षा मिळाली: शिक्का तडकू नये म्हणून त्याने रोज पाणी शिंपडायचं.

पंधरवड्याने चिमणीने साक्ष दिली, की काढणीनंतर शेतात पडून राहिलेले दाणे थोरल्याने वेचले होते. फौजदार ऐटीत शिक्का फोडायला आले, तर चिखलातून रोपं डोकावत होती.

"बघ, मालाला आम्ही हातसुद्धा लावला नाही. उलट वाढवून दिला!"

कुरतड्याचं लक्षच नव्हतं. एका रोपाच्या बुडाशी दाण्याची जाड फोड अजून चिकटलेली होती, आणि तिच्यावर थोरल्याच्या दोन दातांची खूण होती.

"ह्याच्यावर शिक्का माराल, तर दुसरी मांडीही चावेन," तो म्हणाला, आणि पाणी आणायला पळाला.