राहीमावशी जामीन राहिली नाही

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात राही नावाची सुईण राहत होती. गावातली निम्मी पोरंबाळं तिच्याच हातांवर जन्मलेली, म्हणून लहानथोर सगळे तिला राहीमावशी म्हणत. नवरा लवकर गेला. मागे एकुलता एक मुलगा, हैबती. अंगानं दणकट, पण राग आला की कुणाला आवरायचा नाही.

एकदा घाटावर हैबतीचं आणि म्हाताऱ्या नावाड्याचं जोराचं भांडण झालं. थोड्या वेळानं नावाडी पाण्यात मेलेला सापडला. हैबती म्हणाला, "पाय घसरून पडला तो." पण घाटावर धुणं धुणारी तानू म्हणाली, "यानंच वल्हं डोक्यात घातलं. मी पाहिलं." पाहणारी ती एकटीच. शिपायांनी हैबतीला कोठडीत ठेवलं.

गाव हळहळलं ते मावशीसाठी. चार जाणती माणसं न्यायाधीशांकडे गेली. "महाराज, निकाल लागेपर्यंत पोराला घरी जाऊ द्या. मावशीकडे बघून तरी!"

न्यायाधीश म्हणाले, "आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. निकालाआधी कुणाला कोंडून ठेवणं मलाही आवडत नाही. पण तो पळणार नाही, साक्षीदाराला धमकावणार नाही, पुन्हा कुणावर हात टाकणार नाही, याची हमी हवी. उद्या मावशी जामीन राहिली तर सोडतो. तिचा शब्द मला पुरे."

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती धावतच कोठडीशी गेली. "बाळा, उद्या घरी यायचंस!"

हैबती गजांपाशी आला आणि हळूच म्हणाला, "एकदा सुटू दे, आई. आधी त्या तानूचं तोंड कायमचं बंद करतो. मग साक्षीला उरतंय कोण?"

"असं बोलू नये रे!"

"नुसतं बोलत नाही. करणार आहे."

मावशी परत निघाली. तानूचं दार भर दिवसा बंद होतं. पावलं ऐकून ते किलकिलं झालं. "मावशी, हैबतीदादा सुटणार म्हणे?" मावशीनं तानूच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सारा गाव जमला. न्यायाधीशांनी विचारलं, "मावशी, मुलाला जामीन राहता?"

नुसतं 'हो' म्हटलं की लेकरू घरी. मावशीनं डोळे मिटले.

"नाही, महाराज. माझ्या पोटचा आहे, म्हणूनच सांगते. तो बाहेर आला तर तानू जगायची नाही." आणि ती रडू लागली.

न्यायाधीश आसनावरून उतरून तिच्याजवळ आले. "मावशी, हैबती आतच राहील. पण ही शिक्षा नव्हे. गुन्हा शाबीत होईपर्यंत त्याला कुणी बोटही लावणार नाही. तुमच्या हातची भाकरी त्याला रोज मिळेल. आणि आठ दिवसांत सुनावणी होईल. गरजेपेक्षा एक दिवसही जास्त त्याला अडकवायचा हक्क मला नाही."

ते आठ दिवस हैबतीनं आईकडे पाठ फिरवली. भाकरी तशीच परत येई. आठव्या दिवशी तानू सगळ्यांसमोर उभी राहिली आणि जे पाहिलं ते न अडखळता सांगितलं. ऐकता ऐकता हैबतीची मान खाली गेली. "होय," तो म्हणाला, "मीच मारलं." त्याला पुष्कळ वर्षांची कैद झाली.

मावशी तरीही जात राहिली. तो बोलत नसे, ती वाट बघत बसे. अशा कितीतरी दिवसांनी एकदा त्यानं तिच्या हातातून भाकरी घेतली. "आई, त्या दिवशी तू हो म्हणाली असतीस, तर तानूही गेली असती गं. माझ्या हातून."

मावशीनं गजांतून हात घालून त्याचं डोकं जवळ ओढलं. "जेव आधी," ती म्हणाली.

तात्पर्य एवढंच: आरोप झाला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही; पण ज्याला मोकळं सोडल्यानं दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो, त्याला मायेपोटीही सोडू नये.