बिनकवचाचे तीन मणी

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला भीती वाटत असे. शत्रूची नव्हे, शत्रू त्यानं केव्हाच संपवले होते. त्याला वाऱ्याची भीती वाटे, उन्हाची वाटे, तापाची वाटे. कारण राणी तापानं गेली होती आणि मागे एकच मुलगी उरली होती. राजाचं नाव भद्रसेन, मुलीचं इंदुलेखा. गरिबाला अशी भीती वाटली तर तो देवाला नारळ बोलतो. राजाला वाटली, म्हणून त्यानं मांत्रिक बोलावला.

"माझ्या मुलीला काही म्हणता काही शिवू नये," राजा म्हणाला.

मांत्रिकानं एक रिकामं मडकं राजाच्या तोंडापुढे धरलं. "श्वास सोडा, महाराज." राजानं श्वास सोडला. मडक्यातून काचेचा गोळा निघाला, झऱ्याच्या पाण्याइतका निर्मळ.

"ही तुमच्या भीतीची काच. मुलीवर हिचं कवच चढवा. भीती आहे तोवर ही सरायची नाही. पण चढवायला हात लागतो, तो माझ्यापाशी नाही. मण्यावर काचेचं कवच घालणारं माणूस शोधा." एवढं बोलून मांत्रिक धुपाच्या धुरात मिसळून गेला.

आता त्या राज्यात, नदीच्या काठी, भिवरा नावाची मणी घडवणारी राहत असे. दिव्याच्या ज्योतीत काचेची कांडी धरायची, काच काकवीसारखी लोंबू लागली की मातीनं लिंपलेल्या सळईवर गुंडाळायची, फिरवत फिरवत गोल करायची, आणि मग मणी गरम राखेत पुरून सावकाश निववायचा, हे तिचं काम. मण्यावर निर्मळ काचेचं कवच चढवण्यात तर तिचा हात कोणी धरू शकत नसे. कवचाखाली साधा रंगही डोहासारखा खोल दिसतो. पण कवचाला ज्योत कडक आणि स्वच्छ लागते, नाहीतर काच धुरकटते. ती ज्योत राखायचा तिचा नवरा सटवाजी. तो भात्यावर बसे. भिवरेनं मान हलवण्याआधी त्याला कळे, वारा कुठे वाढवायचा नि कुठे आवरायचा. दोघं फार बोलत नसत. बोलत तेव्हा कालवणातल्या मिठावरून भांडत.

राजाचं बोलावणं आलं. भिवरेनं तो गोळा पाहिला. सटवाजी तिच्या कानाशी लागला.

"जित्या माणसावर काच घालू नगंस."

"राजाचा हुकूम हाय."

"हुकमाचं मी बघतो. तू नगं म्हन."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण इतकी निर्मळ काच तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि माणसाएवढं कवच एकही बुडबुडा न राहू देता कोणी चढवलं नव्हतं. तिला ते करून बघायचं होतं. खरं कारण एवढंच. हुकूम वगैरे मागाहून सांगायला बरा पडतो.

तिनं कवच चढवलं. मंत्राची काच अंगाला पोळली नाही. बुडबुडा एकही राहिला नाही. राजकन्या आत बसली. तिला भूक नाही, तहान नाही, की झोप नाही. राजा काचेवर हात फिरवून आनंदानं रडला. "बाहेर ताप आहे, मृत्यू आहे," तो रोज तिला सांगे. "आत तू सुखात आहेस." तिनं ते खरं मानलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

पण काच तिथं थांबली नाही. राजाला जे जे आपलं वाटे, त्या त्या गोष्टीवर कवच चढू लागलं. आधी बागेतल्या आंब्यांवर, मग विहिरींच्या पाण्यावर, मग कोठारातल्या आणि घराघरातल्या जोंधळ्याच्या दाण्यादाण्यावर. राज्यातलं सगळंच राजाचं असतं, हे प्रजेला तेव्हा नीट समजलं. दाणे शिजेनात. दळायला घेतले तर जातं झिजे. लोक रानातले कंद उकरून खाऊ लागले आणि नदीचं पाणी पिऊ लागले, कारण रान आणि नदी तेवढी कोणाची नव्हती.

प्रजेची ओरड वाड्यापर्यंत पोचली, तेव्हा राजानं भिवरेला पुन्हा बोलावलं. "मुलीवरचं कवच उतरव, म्हणजे बाकीचंही उतरेल."

"महाराज, काच अंगाशी एकजीव झाली आहे. हातोडा घातला तर आतलं-बाहेरचं मिळूनच फुटेल."

"चढवलंस तू, उतरवशीलही तूच. तोवर तुझा नवरा गडावर कैदेत राहील."

"भात्यावर माणूस नसला तर मी काम कसं करू?"

"ते तू बघ."

शिपाई आले. सटवाजीनं भाता खांद्यावर टाकला. त्याला वाटलं, गडावरही काही कामाला लावतील. जाताना तो भिवरेला बोलला नाही, की 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

भिवरा नदीच्या वाळवंटात जाऊन रडत बसली. तिथं एक टिटवी होती, ती बोलली. टिटव्या बोलतच, माणसांना मात्र ते बोलणं शिव्यांसारखं ऐकू येई.

"रडून काय व्हायचं? काच तू घातलीस."

"घातली. आता काढू कशी?"

"मण्यावरचं कवच आपसूक कधी तडकतं?"

"आतली काच आणि वरची काच एका जातीची नसली की. निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि कवच तडकतं."

"मग राजकन्येवरचं का तडकत नाही?"

भिवरा म्हणाली, "बाप जेवढा भ्यालेला, तेवढीच पोरगी भ्यालेली. दोघांची जात एक."

"तिचं मन बापापासून वेगळं पडलं पाहिजे. तिला हातात घ्यावासा वाटेल असा मणी दाखव. पण कवच घातलेला नको. काचेतून काच बघून तिला काय नवल? उघडे मणी कर, तीन. पहिल्यानं तिचे डोळे उघडतील. दुसऱ्यानं हात उठेल. तिसऱ्याचं मला दिसत नाही."

"कवचाविना मणी देखणा कसा व्हायचा?"

"माझी अंडी बघ," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

टिटवी घरटं बांधत नाही. तिची अंडी उघड्या वाळूत पडली होती, भुरकट, अंगावर गर्द ठिपके. त्यांच्यावर झाकण नव्हतं, चकाकी नव्हती, आणि नजर हलत नव्हती.

भिवरेनं वाळवंटातच दिवा मांडला. भाता नव्हता, म्हणून चुलीची फुंकणी तोंडात धरली. ज्योत मऊ पडली, धूर करू लागली. पहिले मणी शिळ्या भाकरीसारखे निघाले. इतकी वर्षं कवचानं तिच्या किती चुका झाकल्या होत्या, हे तिला आता दिसलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिनं ते मणी नदीत फेकले. मग तिनं हस्तिदंती काचेवर निळ्या काचेचे ठिपके ठेवले. जिथं दोन काचा भिडल्या, तिथं कोणी न काढता एक तपकिरी रेघ उमटली. दोघी एकमेकींना डागत होत्या. वर निर्मळ काच ओतायच्या घाईत हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. प्रत्येक निळ्या ठिपक्याला तपकिरी काठ आला. मणी राखेत निवला, आणि तो घेऊन ती राजवाड्यावर गेली.

राजकन्येनं डोळे उघडले. काचेतून तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "हे काय आहे?"

"मणी."

"चमकत नाही."

"उघडा आहे, बाईसाहेब."

"त्याला भीती नाही वाटत?"

भिवरा काही बोलायच्या आत राजा मध्ये आला. "डोळे उघडले, पण कवच तसंच आहे."

"महाराज, घरधन्याला सोडा. भात्याशिवाय माझी छाती फुटते."

"कवच उतरल्यावर."

"त्यांना खायला काय देता?"

"माझ्या कोठारातला जोंधळा," राजा म्हणाला. त्याला ते औदार्य वाटत होतं. काचेचा जोंधळा! भिवरा तशीच धावत वाळवंटात परतली.

दुसऱ्या मण्यासाठी तिनं पायांतले चांदीचे तोडे काढले, ठोकून ठोकून कांद्याच्या सालीइतके पातळ केले. तो पापुद्रा तापल्या मण्यावर गुंडाळला आणि मणी त्याच धुरकट ज्योतीत धरला. स्वच्छ ज्योतीत जे झालं नसतं, ते धुरात झालं. चांदी काचेत मुरली आणि मध उतरावा तसा सोनेरी रंग उतरला, कडेला निळसर झाक आली. वर कवच चढवलं असतं तर तो रंग गुदमरला असता.

राजकन्येचा हात उठला आणि आतून काचेला टेकला. "हे ऊन आहे का? मी ऊन विसरले होते."

"महाराज, एकदा त्यांना बघू द्या. लांबून तरी."

"तिसऱ्यानंतर," राजा म्हणाला, आणि त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

भिवरा परत निघाली, तेव्हा वेशीवर गडाचा म्हातारा पहारेकरी तिची वाट बघत उभा होता. त्यानं खांद्यावरचा भाता काढून तिच्या हातात दिला. तो भाता तिनं लगेच ओळखला.

"बाई, काचेचे दाणे चावून दात गेले त्याचे. मग उपाशीच ऱ्हायला. तुला सांगायची मनाई व्हती."

"कधी?"

"तू पयला मणी घेऊन आलीस ना, त्याच्या आदल्या दिशी."

"महाराजांना ठावं व्हतं?"

पहारेकऱ्यानं मान खाली घातली.

तिसरा मणी न करता ती निघून गेली असती, तर तिला कोणी नाव ठेवलं नसतं. मी तर ठेवलं नसतंच. पण गावात पोरं कंद चघळून रडत होती, आणि काच तिनं घातली होती. ती वाळवंटात आली. भाता बाजूला ठेवला, त्याला हात लावला नाही. गळ्यातली पोत तोडली. काळे मणी ओंजळीत घेतले आणि एकेक करून ज्योतीत वितळवले.

काळी काच काळी नसते. जाड असते म्हणून काळी दिसते. भिवरेनं ती तापवून सुतासारखी ओढली, आणि त्या सुतातून जांभळा रंग निघाला, पिकल्या जांभळाच्या गराचा. हस्तिदंती मण्यावर तिनं ते सूत वेढलं आणि पुरतं वितळू दिलं नाही. बोट फिरवलं तर उंचवटा लागावा, इतकं वर राहू दिलं. हा मणी डोळ्यांसाठी नव्हताच, हातासाठी होता. असा देखणा मणी तिच्या हातून आधी कधी झाला नव्हता, आणि तो दाखवावा असं माणूस आता उरलं नव्हतं.

राजकन्येनं मणी पाहिला आणि दोन्ही हात काचेला लावले. "हा कोणता रंग?"

"काळा."

"काळा असा नसतो."

"बारीक ओढला की असा होतो. माझ्या गळ्यातला आहे."

"गळ्यातला का काढलास?"

"इंदुलेखे, डोळे मीट," राजा म्हणाला.

तिनं मिटले नाहीत.

"माझा घरधनी गडावर उपाशी मेला," भिवरा म्हणाली. "त्याला जे दाणे दिले, त्यांच्यावर हीच काच होती. महाराजांनी ते मला कळू दिलं नाही, आणि मणी तेवढे करून घेतले."

राजकन्या बापाकडे वळली. "हे खरं?"

"मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं, बाळ."

तिनं बापाकडे पाठ केली. मग भिवरेला म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

नवऱ्याचं नाव भिवरेनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. आज उखाणा कसला घ्यायचा? "सटवाजी," ती म्हणाली. नुसतं नाव, उघडं.

तेव्हा काच तडकली. राजकन्येला आता बाहेरची भीती उरली नव्हती; भीती वाटत होती ती बापाची. आतली जात बदलली, कवच वेगळं आकसलं, आणि डोक्यापासून पायापर्यंत तुकडे होऊन खाली आलं. त्याच क्षणी राज्यभर तडतड झाली. जोंधळ्याच्या दाण्यांवरची टरफलं गळाली, विहिरींवरची काच फुटून तळाला गेली, आंब्यांचा वास सुटला. मांत्रिकाचा गोळा पाणी होऊन फरशीवर सांडला. घरोघर चुली पेटल्या, आणि लोकांनी राजाचा जयजयकार केला, कारण भाकरी मिळाली की लोक तो करतात.

राजानं हात पसरले. राजकन्या मागे सरली. पायांखाली काचा होत्या, त्या तिच्या तळव्यांत रुतल्या, तरी ती मागेच सरत गेली. मग वाकून तिनं भिवरेच्या हातातला मणी घेतला आणि मुठीत धरला. त्यानंतर बापाच्या हातून तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. समोर आला तर नमस्कार करी, एवढंच.

पुढे राज्य सुरळीत चाललं. पिकं आली, पेठा भरल्या. राजकन्या तो मणी गळ्यात घाली आणि बोटांनी सारखी कुरवाळी, त्यामुळे जांभळ्या सुताच्या कडा हळूहळू झिजू लागल्या. राजाच्या ते ध्यानात आलं. एके दिवशी तो स्वतः भिवरेच्या दारात येऊन उभा राहिला. तो थकला होता. दात मात्र सगळे शाबूत होते.

"भिवरा, तो मणी झिजतो आहे. माझ्या मुलीची तेवढी एकच आवडती वस्तू. ती नासली तर तिचं कसं होईल, या काळजीनं मला झोप नाही. त्याच्यावर कवच चढव. मागशील ते देईन."

आत, भिंतीला, भाता टांगलेला होता. त्याचं कातडं वाळून आकसलं होतं.

"कवचाला कडक ज्योत लागते, महाराज."

"मग?"

"भात्यावर कोणाला बसवू?"

राजा आल्या वाटेनं परत गेला. भिवरेनं फुंकणी तोंडात धरली आणि उघड्या मण्याचं काम पुढे चालू केलं.

ही कथा इथं राखेत निवली. वर कवच नाही; हात लावलात तरी चालेल.