न वाजणारी गाडी

फार फार वर्षांपूर्वी, रॉकेलचा डबा कुणाच्या बापानंही पाहिला नव्हता त्या काळी, काटेपिंपरीत गेनबा नावाचा एक शेतकरी होता. शेत एवढंसं, की औत वळवताना बैलाचा पाय शेजाऱ्याच्या बांधावर पडे आणि भांडण गेनबाच्या दारात येई. असं म्हणतात, की त्या शेतात पिकापेक्षा कुंपणच जास्त होतं.

कुंपण करडईचं. ज्वारीच्या कडेनं करडई पेरायची, तिच्या काट्यांना भिऊन गुरं आत शिरत नाहीत, एवढाच काटेपिंपरीचा करडईशी संबंध. तेल यायचं ते नदीपल्याडच्या घाण्यावरून, तीळ-जवसाचं. पावसाळ्यात नदी भरली की तेल बंद. मग भाजी कोरडी, डोकी कोरडी, मारुतीपुढची वात कोरडी आणि गाड्यांचे आसही कोरडे. काटेपिंपरीची गाडी निघाली की तिची किंकाळी तीन गावं ऐकत. असं म्हणतात, की गाडी चालू असेपर्यंत तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत, कारण रडून उपयोग नाही हे त्यांना कळे.

अशाच एका गाडीतून दसरा झाल्यावर गेनबा आंबेवडगावच्या सटवाजीकडे मुलगी बघायला गेला. गाडी शिवेत शिरली आणि सटवाजीची दुभती म्हैस दावं तोडून जी तळ्यात बसली, ती काही केल्या बाहेर येईना. सटवाजी तळ्याच्या काठावरूनच पाहुण्यांवर ओरडला, "ज्या गावात गाडीच्या आसाला तेल न्हाई, त्या गावात माझ्या लेकीच्या डोईला कुठून येनार? जावा माघारी!"

दाराआडून येसू, म्हणजे ती मुलगी, खुदकन हसली. झालं, गेनबाचा तिथंच निकाल लागला. आता करीन तर हिच्याशीच, असं त्यानं मनात धरलं आणि हात जोडून म्हणाला, "मामा, पुन्यांदा येतो. आवाज न करता येतो."

"ये की. अखितीच्या सांजंपतूर ये. आवाज न्हाई आला तर पोरगी तुझी. आला तर वडझऱ्याच्या शेलारांना सुपारी दिली म्हनून समज."

गेनबा घरी आला आणि कणगीला टेकून विचार करत बसला. विचार करायची सवय नसल्यानं त्याला लगेच डुलकी लागली. जाग आली तेव्हा समोर एक उंदीर. आता उंदीर काय, घरोघरी असतात. पण सगळं गाव कोरडं ठणठणीत असताना हा एकटाच कसा तुकतुकीत? मिशासुद्धा चमकत होत्या! उंदीर बियाण्याच्या करडईचे दाणे फोडून आरामात खात होता. काहीजण म्हणतात, तो उंदीर म्हणजे साक्षात गणपतीचंच वाहन. गेनबाच्या आईनं मात्र त्याला खराटाच मारला होता.

गेनबानं मूठभर दाणे उखळात कुटले आणि बोटाला तेलाचा ओशटपणा लागला. मग त्यानं दगडाची मोठी उखळ टाकीनं घडवली, तीत फिरणारी बाभळीची लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, उभी केली आणि ढवळ्या बैलाला झापडं बांधून घाण्याला जुंपलं. घरच्या बियाण्यानं काय होणार, म्हणून पीक निघाल्यावर हाताला चिंध्या गुंडाळून साऱ्या शिवाराच्या कडांची करडई कापली. पारावरचे म्हातारे हसून बेजार. "कुंपन शेत खातं म्हनून ऐकलं व्हतं," ते म्हणत, "ह्ये बेनं कुंपनच पिळाया निघालं!"

आणि तेल गळालं. सोन्यासारखं पिवळं तेल गळालं. असं म्हणतात, की पहिली धार पडली तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी आपापली टकली पुढं केली.

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेनबानं आसाला तेल पाजलं. छकडा असा चालला, की मागून येणारं कुत्रं बिचकलं. अडचण वेगळीच निघाली. महिनोन्‌महिने घाण्याला फिरून ढवळ्या झापडाशिवाय पाऊल उचलीना, आणि झापडं बांधली की गोलच फिरे. शेवटी गेनबा वेसण धरून आंबेवडगावपर्यंत पायी चालत गेला. पण नवरदेवानं काय वेसण धरून दारात जायचं? सटवाजीच्या घरापाशी तो ऐटीत छकड्यात चढला, आणि ढवळ्या घराभोवती फिरायला लागला.

थांबवणार कसा? "हो हो" म्हणावं लागतं. आणि गेनबानं तर शब्द दिला होता, आवाज न करता येतो. गाडीचा आवाज वेगळा, आपला वेगळा, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. भोळा माणूस. ओठ घट्ट मिटून तो फिरत राहिला.

घरात सटवाजी कान लावून बसला होता. शेलार मंडळीही टपून बसली होती. सूर्य टेकला. सटवाजी उसासा टाकून म्हणाला, "काय आवाज न्हाई बा. आला न्हाई गडी. फोडा सुपारी."

येसूनं खिडकीतून बघितलं. गेनबा गेला. थोड्या वेळानं पुन्हा गेनबा गेला. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, पण हूं नाही की चूं नाही. पोरीचं काळीज हललं. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, त्यो आलाय."

"आवाज कुठाय?"

"आवाज न्हाई, म्हंजी आलाय!"

आणि पदर खोचून ती अंगणात गेली, ढवळ्याच्या डोळ्यांवरची झापडं तिनं काढली. ढवळ्यानं जग बघितलं आणि तो थांबला. येसू छकड्यात चढून बसली, तेव्हा कुठं गेनबानं तोंड उघडलं. काय बोलला ते कुणालाच आठवत नाही, कारण सगळे येसूचं हसणं ऐकत होते.

पुढं गेनबाचं तेल नदीपल्याड जायला लागलं. मारुतीपुढची वात तेव्हापासून विझली नाही, असं म्हणतात. सटवाजीच्या घराभोवती चाकोरी अजून आहे, तिच्यात गवत उगवत नाही.

आणि काटेपिंपरीचं वऱ्हाड आजही मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी बँड बंद करतं. जीप असली तरी इंजिन बंद, मित्रांनी ढकलायची आणि घराभोवती फिरवायची. नवरदेवानं हूं केलं, तर बायका पुन्हा पहिल्यापासून फिरायला लावतात. नवरी स्वतः येऊन चाकाला आणि त्याच्या डोक्याला करडईचं तेल लावील, तेव्हाच त्यानं बोलायचं. ती मुद्दाम उशीर करते.

भर गप्पांत घर एकाएकी गप्प झालं, तर काटेपिंपरीतली एखादी म्हातारी अजून दाराकडं बघते आणि म्हणते, "गेनबा आला वाटतं गं. बघ जरा."