आतल्या माणसाची खबर

घाटाखालच्या शिरवडी नावाच्या तालुक्याच्या गावी नंदन गुळवे मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याचा हात चांगला होता. पाण्यात पडलेला फोनसुद्धा तो जिवंत करायचा, आणि जो होणार नसेल तो उघडून दाखवून सांगायचा, "हा गेला. यावर खर्च करू नका." लोकांचा त्याच्यावर विश्वास होता तो यामुळेच.

दुपारी गिऱ्हाईक कमी असे. तेव्हा तो व्हिडिओ बनवायचा. बाजारात आलेला एखादा फोन उघडायचा, आतले भाग दाखवायचा, चांगलं काय, वाईट काय ते सांगायचा. ते व्हिडिओ फार कुणी बघत नसे. शंभर माणसं, कधी दीडशे.

एकदा त्याने बाजारात न आलेल्या वस्तूबद्दल व्हिडिओ केला. एक मोठी परदेशी कंपनी नवा टॅबलेट काढणार होती. नंदनने इकडेतिकडे वाचलेलं जोडून सांगितलं की पडदा आधीपेक्षा पातळ असू शकेल, बॅटरी वीस मिनिटांत भरू शकेल. तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला.

नंदन चकित झाला. त्याने दुसरा केला, तिसरा केला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की 'असू शकेल' म्हटलं की लोक अर्ध्यातून निघून जातात, 'असणार' म्हटलं की थांबतात. मग तो 'असणार' म्हणू लागला. पुढे 'आहे' म्हणू लागला. कुणी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं, तर तो हसून म्हणायचा, "आतला माणूस आहे आपला." असा कुणी माणूस नव्हता.

एके दिवशी त्या टॅबलेटच्या कवचाचा एक धूसर फोटो इंटरनेटवर फिरू लागला. त्यात पुढच्या कॅमेऱ्याशेजारी दोन बारीक भोकं दिसत होती. ती कशासाठी आहेत ते कुणालाच कळेना. नंदनने चहा पिता पिता विचार केला आणि व्हिडिओला बसला.

"मित्रांनो, ही भोकं डोळे वाचण्यासाठी आहेत," तो म्हणाला. "तुम्ही फक्त अक्षराकडे बघायचं, अक्षर उमटेल. हात लावायची गरज नाही. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने हा टॅबलेट बोलणार." एवढ्यावर तो थांबला असता. पण आपले बघणारे मराठी आहेत हे त्याला आठवलं. "आणि मराठीतही बोलणार," त्याने जोडून दिलं. "दोन महिन्यांत बाजारात."

तीन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. त्यांत एक भास्कर तांबे होते.

भास्कर तांबे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची बायको शैलजा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं तिने चौथीच्या वर्गाला मराठी शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिला एक आजार जडला. त्यात मज्जातंतू हळूहळू मरतात आणि त्यांच्यामागून स्नायू. आधी तिचे पाय गेले, मग वाचा गेली, मग डावा हात. आता उजव्या हाताचं एकच बोट चालत होतं. त्या बोटाने ती फोनवर एकेक अक्षर दाबून लिहायची. पाणी. कूस बदला. पंखा कमी.

रुग्णालयातल्या तज्ज्ञ बाईंनी भास्कररावांना स्पष्ट सांगितलं होतं. "हे बोटही थांबणार आहे. डोळ्यांवर चालणारं एक यंत्र आज मिळतं. मागवून घ्या. अवजड आहे, मराठी बोलत नाही, पण काम करतं. आणि हा तक्ता घ्या." त्यांनी मुळाक्षरांचा आणि काना-मात्रांचा एक पुठ्ठा दिला. "तुम्ही अक्षरांवरून बोट फिरवायचं. हवं ते अक्षर आलं की त्या डोळे मिटतील. आजपासून रोज सराव करा. बोट चालतंय तोवर चूक दुरुस्त करता येते. नंतर फार जड जातं."

भास्कररावांनी यंत्र मागवलं. पैसेही भरले. पण तक्त्याला हात लावायला त्यांचं मन होईना. तो हातात घेणं म्हणजे बोट जाणार हे मान्य करणं. त्यांनी तो कपाटावर ठेवून दिला.

शैलजाबाईंच्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी हिने चार वर्षांपूर्वी आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आई तिला जे बोलली, ते दोघींनाही विसरता आलं नव्हतं. आता केतकी दर रविवारी यायची, आईचे केस विंचरायची, नखं कापायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या. त्या दिवसाबद्दल केतकी एक शब्द काढत नसे आणि आईला काढता येत नसे.

एका रविवारी केतकी गेल्यावर शैलजाबाईंनी नवऱ्यासाठी लिहिलं, "केतकीशी बोलायचंय. खूप आहे. एका बोटाने होणार नाही."

त्याच आठवड्यात भास्कररावांनी नंदनचा व्हिडिओ पाहिला. त्यांनी तो चार वेळा पाहिला. मग एक रिक्षा ठरवली, बायकोला उचलून तीत बसवलं आणि शिरवडीला नंदनच्या दुकानाशी आणलं.

दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती. भास्करराव म्हणाले, "नंदनराव, हिच्यासाठी आलोय. आम्ही आजचं यंत्र मागवलंय, पण ते मराठी बोलत नाही. तुम्ही सांगितलेलं खरं असेल तर ते रद्द करतो आणि थांबतो. थांबू का?"

नंदन बाहेर आला. रिक्षात उशांच्या आधाराने बसवलेली बाई त्याने पाहिली. आपला व्हिडिओ असं कुणी बघत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शैलजाबाईंनी फोनवर लिहायला घेतलं. वेळ लागला. सगळे उभे राहिले. मग भास्कररावांनी तो फोन नंदनकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, "तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"पाहिलं नाही बाई," नंदन म्हणाला. "पण खबर आहे."

बोट पुन्हा हललं. "कुणाची?"

आता सांगायची वेळ होती. दोन वाक्यांचं काम होतं. माझा अंदाज आहे, तुम्ही थांबू नका. नंदनच्या ओठांवर ते आलंही. पण मागे गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतला एकजण अभिमानाने म्हणाला, "बाई, याचा माणूस थेट कंपनीत आहे. आजवर याचं खोटं निघालेलं नाही."

नंदन म्हणाला, "आतल्या माणसाची खबर आहे. शंभर टक्के. दोन महिने थांबा."

शैलजाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. खोटं सांगणारं तोंड कसं दिसतं हे चौथीच्या वर्गात तीस वर्षं काढलेल्या बाईला ओळखता येत असणार. पण शेजारी नवरा उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं होतं. त्यांनी पुढे काही लिहिलं नाही.

भास्कररावांनी यंत्र रद्द केलं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "शैला, आता बोटाला उगाच त्रास देऊ नकोस. जरुरीपुरतंच लिही. ते आलं की केतकीशी हवं तेवढं बोल. आपल्या भाषेत बोल."

दोन महिने गेले. कंपनीने जाहीर केलं की टॅबलेट लांबणीवर पडला आहे. नंदनने व्हिडिओ केला, "उशीर होतोय म्हणजे आत काहीतरी मोठं आहे."

शैलजाबाईंचं बोट आता थरथरू लागलं होतं. एका सकाळी त्यांनी लिहिलं, "तक्ता काढा."

"अगं, कशाला?" भास्करराव म्हणाले. "एवढे दिवस थांबलो. आता येईलच."

तरी त्यांना धास्ती वाटली. त्यांनी नंदनला फोन केला. "नंदनराव, हिचं बोट जायला लागलंय. ते यंत्र पुन्हा मागवू का? यायला सहा आठवडे लागतील म्हणतात."

नंदनला आता खरं सांगायचं तर आधीचंही सांगावं लागणार होतं. रिक्षातल्या बाईची नजर त्याला आठवली आणि स्वतःची लाज वाटून तो आणखीच खोटं बोलला. "काका, तेवढ्यात हाच येतोय. महिनाभर कळ काढा."

अठरा दिवसांनी बोट थांबलं. भास्करराव तरी टॅबलेटचीच वाट बघत राहिले.

त्यानंतर महिन्याने टॅबलेट आला. कंपनीने सगळं वर्णन छापलं. एक भोक माइकचं होतं, दुसरं खोलीतला उजेड मोजण्याचं. डोळे वाचणारं त्यात काही नव्हतं. मराठीत बोलणारंही नव्हतं. नंदनने त्याच दुपारी नवा व्हिडिओ टाकला. त्याचं नाव होतं, "कंपनीने आपल्याला फसवलं."

भास्कररावांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग उठून कपाटावरून पुठ्ठा काढला, त्यावरची धूळ पुसली आणि केतकीला बोलावून घेतलं.

शैलजाबाईंना एव्हाना श्वासही कष्टाने येत होता. सारखी गुंगी असायची. केतकीने आईसमोर तक्ता धरला. भास्करराव अक्षरांवरून बोट फिरवू लागले. दोघांनाही सवय नव्हती. बोट भरभर फिरे, आईचे डोळे उशिरा मिटत, अक्षर चुके. पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तासात एवढं लागलं: के, त, की, मी, रा.

केतकी पुढे वाकली. "बोल आई. मी आहे."

भास्कररावांचं बोट फिरू लागलं. 'ग'वर आलं तेव्हा शैलजाबाईंचे डोळे मिटले. पण ते उघडलेच नाहीत. झोप लागली होती. 'ग' हवा होता की गुंगीने डोळे मिटले होते, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी छातीत कफ भरला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे गेल्यावर केतकी वडिलांजवळ येऊन बसली. "बाबा, तिला 'मी रागावले नाही' म्हणायचं होतं ना?"

भास्कररावांनी कोपऱ्यातला तक्ता उचलून मांडीवर घेतला.

"की 'रागावले आहे'? की 'ग' नव्हताच? तुम्ही इतकी वर्षं तिच्याबरोबर होतात. तुम्ही सांगा."

'रागावली नव्हती' असं म्हणून टाकणं सोपं होतं. पोरीला झोप लागली असती. भास्करराव म्हणाले, "केतकी, मला माहीत नाही गं." आणि रडू लागले.

काही दिवसांनी ते एकटेच शिरवडीला गेले. नंदन काउंटरवर एक फोन उघडून बसला होता. त्यांना पाहताच त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघून त्याला काय झालं असेल ते कळलं.

"काका, मी... तो माझा अंदाज होता," तो म्हणाला. "सगळेच अंदाज सांगतात."

"अंदाज सांगण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," भास्करराव म्हणाले. "तिने तुला विचारलं होतं. एका बोटाने विचारलं होतं. 'कुणाची खबर?' तेव्हा तू म्हणाला असतास, की माझीच, तर तिला तिच्या लेकीशी बोलता आलं असतं. तक्ता मी काढला नाही, ते पाप माझं. ते मी भोगतोय. तुझं तुला सांगायला आलो."

ते थांबले नाहीत. नंदनने त्या दिवसापुरतं दुकान बंद केलं.

त्याने एक व्हिडिओ बनवला. त्यात त्याने सगळं सांगितलं. आतला माणूस कधीच नव्हता हे सांगितलं, बाईंनी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. तो व्हिडिओ एकशे बारा लोकांनी पाहिला. जुना व्हिडिओ त्याने काढून टाकला.

पण तो जुना व्हिडिओ तोवर पुष्कळांनी आपल्याकडे उतरवून घेतला होता. कुणी त्याला नवं नाव देऊन पुन्हा टाकला होता: "या वर्षी हुकलं, पुढच्या टॅबलेटमध्ये डोळे वाचणार, मराठीत बोलणार, पक्की खबर." खाली एका बाईने लिहिलं होतं, "माझ्या वडिलांची वाचा गेली आहे. हात अजून थोडे चालतात. थांबायचं ठरवलंय."

नंदनने तिला लिहिलं, "ताई, थांबू नका. ही खबर खोटी आहे. आज जे मिळतं ते घ्या, आजच सराव सुरू करा."

तासाभराने तिचं उत्तर आलं. "तुम्हाला काय माहीत? या व्हिडिओवाल्यांचा माणूस कंपनीत आहे."

तो व्हिडिओवाला मीच, असं नंदनने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं. त्यानंतर तिने त्याला उत्तर दिलं नाही.

तात्पर्य: ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगू नये. ऐकणारा तिच्या भरवशावर आपले मोजके दिवस घालवून बसतो, आणि ते दिवस कोणत्याही पश्चात्तापाने परत देता येत नाहीत.